पट्ट्यांचा ब्लॉक चौकोनी येत नाही? आधी मधली पट्टी मोजा

ब्लॉक, म्हणजे क्विल्टचा एक चौकोनी तुकडा, साडेसहा इंचाचा यायला हवा होता, आला सहाचा. किंवा एक बाजू साडेसहा आणि दुसरी सव्वासहा. किंवा मापं बरोबर आहेत, पण टेबलावर ठेवला की एका अंगाला वाकलेला दिसतो. पट्ट्या जोडून क्विल्टचा पहिला ब्लॉक शिवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीची तक्रार या तीनपैकी एक असते. त्यावर केला जाणारा उपायही ठरलेला: कात्री घ्यायची, जास्तीचं छाटायचं आणि चौकोन करून टाकायचा. पुढचा ब्लॉक पुन्हा तसाच. छाटून तो एक ब्लॉक सुधारतो, चूक जिथे होते तिथे ती होतच राहते, आणि सगळे ब्लॉक एकमेकांना जोडायला बसलात की रांगा जुळत नाहीत.

इथे मी तीन पट्ट्यांच्या साध्या ब्लॉकबद्दल लिहितेय. त्याला रेल फेन्स म्हणतात. नवशिक्यांना हाच शिकवतात, कारण एक ब्लॉक उभा आणि शेजारचा आडवा ठेवला की शिवणीला शिवण जुळवायची कटकट राहत नाही. पण त्यासाठी सगळे ब्लॉक एका मापाचे हवेत. एवढी एकच अट आहे आणि ती कडक आहे.

आपल्या आजीच्या गोधडीला ही अडचण कधी आली नाही. तिथे जुन्या लुगड्यांचे थर अंथरले, वर तुकडे ठेवले, कडा दुमडून एकावर एक चढवल्या आणि धावदोरा घातला. तुकडा कमी पडला तर वर आणखी एक ठिगळ. पट्ट्यांच्या ब्लॉकमध्ये अशी चढवाचढवी नसते. कमी पडलं ते कमीच.

आधी हिशेब

अडीच इंच रुंदीच्या तीन पट्ट्या, म्हणजे साडेसात इंच. त्यांना जोडणाऱ्या शिवणी दोन. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंच्या पट्टीची पाव-पाव इंच माया (शिवणीपलीकडे राहणारी कड) आत जाते, म्हणजे चार वेळा पाव, एकूण एक इंच. उरले साडेसहा. तीन पट्ट्या जोडून झालेल्या या लांब जोडपट्टीचे साडेसहा-साडेसहा इंचांवर तुकडे केले की ब्लॉक तयार. पुढे शेजारच्या ब्लॉकना जोडताना चारी बाजूंनी आणखी पाव इंच जातो आणि क्विल्टवर दिसणारा ब्लॉक सहा इंचांचा राहतो.

आता सुताच्या भाषेत बघू. इंचाला आठ सूत, म्हणजे पाव इंच माया ही दोन सुतांची. तुमची माया दोनऐवजी तीन सूत गेली तर? एक सूत, नुसत्या डोळ्यांना कळणारही नाही. पण ते चार वेळा जातं आणि ब्लॉक अर्ध्या इंचाने कमी भरतो. साडेसहाचा सहा होतो तो असा. बहुतेकींना वाटतं की कापताना चुकलं. कापताना चुकलेलं नसतं.

गंमत म्हणजे ही अडचण अगदी नव्याने मशीनवर बसलेल्यांपेक्षा वर्षानुवर्षं ब्लाउज शिवणाऱ्या बायकांना जास्त येते. ब्लाउजला बगलेत भरपूर माया ठेवायची, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यायला हवं, हे हातात इतकं मुरलेलं असतं की पाव इंच म्हणजे त्यांना कंजूसपणा वाटतो. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका काकूंचे ब्लॉक सहा इंचांचे येत होते. "अगं, पाव इंचच घेतेय मी, आयुष्य गेलं शिवण्यात." उलटं करून स्टीलची पट्टी लावली तर तीन सूत. "मग मशीन बिघडलंय." मशीन ठणठणीत होतं. काकू प्रेसर फूटच्या, म्हणजे मशीनच्या कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, कडेला कापड लावून शिवत होत्या, आणि त्यांच्या फूटची कड सुईपासून तीन सुतांवर होती.

मधली पट्टी काय सांगते

ब्लॉक चुकला की त्याची बाहेरची मापं घेऊन फारसं कळत नाही. तीनही पट्ट्या वेगवेगळ्या मोजा. मोजायला शिंप्याची टेप नको, ती वापरून वापरून ताणली जाते. स्टीलची फूटपट्टी घ्या. ब्लॉक सुलट्या बाजूने, इस्त्री केलेला.

सगळं बरोबर असेल तर मधली पट्टी दोन इंच दिसते, कारण तिच्या दोन्ही बाजूंची माया आत गेलेली असते. कडेच्या दोन्ही पट्ट्या सव्वादोन इंच, कारण त्यांची एकच बाजू शिवलेली असते.

आता चूक कुठे आहे ते बघा. मधली पट्टी दोन सूत कमी, म्हणजे पावणेदोन, आणि कडेच्या एकेक सूत कमी असतील, तर दोष मायेत आहे. शिवण मधलीला दोन्हीकडून खाते आणि कडेच्यांना एकीकडूनच, म्हणून मधलीचं नुकसान नेहमी दुप्पट.

तिन्ही पट्ट्या सारख्याच कमी असतील, समजा प्रत्येकी एक सूत, तर शिवण बरोबर आहे आणि कापणं चुकलंय.

एकच पट्टी कमी असेल तर त्या रंगाचं कापड कापताना फूटपट्टी सरकलीये. आणि मधली पट्टी वरच्या टोकाला दोन इंच पण खालच्या टोकाला दोनला एक सूत कमी असेल, तर शिवताना कापड हळूहळू आत सरकत गेलंय.

अजून एक शक्यता: मधली पट्टी कमी दिसते, पण शिवणीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून हलकेच ताणलं की दोन इंच होते. म्हणजे शिवणही बरोबर आणि कापणंही. इस्त्री करताना शिवणीजवळ बारीक दुमड राहिली, एवढंच. हा सगळ्यात स्वस्त दोष, पुन्हा इस्त्री फिरवली की गेला. पण तो आधी तपासा, नाहीतर चांगली शिवण उसवत बसाल.

माया चुकत असेल तर

प्रेसर फूटच्या कडेवर विश्वास ठेवू नका. वेगवेगळ्या मशीनच्या फूटची रुंदी वेगळी असते. झिगझॅगच्या मशीनचा फूट रुंद असतो, जुन्या काळ्या मशीनचा अरुंद. शिवाय झिगझॅगच्या मशीनवर सुई डावीकडे-उजवीकडे सरकते. काल मध्यावर होती, आज मुलाने बटण फिरवून डावीकडे नेली, की तुमचा सगळा हिशेब गेला.

मशीनवर खूण करायला शाळेचा ग्राफ पेपर फार कामाचा आहे. तो मिलिमीटरचा असतो आणि पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. आपल्याला हवी आहे त्यापेक्षा किंचित कमी माया, कारण शिवण उलगडून इस्त्री केली की घडीत धाग्याची आणि कापडाची जाडी थोडी जागा घेते. त्यामुळे ६ मिलिमीटर अगदी बेताचं बसतं. ग्राफ पेपर एका रेघेवर नीट कापा. कापलेल्या कडेपासून आत सहावी बारीक रेघ पेन्सिलने ठळक करा. मशीनमधला दोरा काढून टाका. कागद फूटखाली ठेवा, कापलेली कड उजवीकडे. हाताने चाक फिरवून सुई बरोबर त्या रेघेत उतरवा, फूट खाली करा, कागद सरळ आहे ना ते बघा. आता कागदाच्या उजव्या कडेला लागून मशीनच्या पाटावर मास्किंग टेप चिकटवा. एकावर एक पाच-सहा थर द्या, म्हणजे कापडाची कड टेकायला छोटी भिंत तयार होते. नुसती रेघ काढलीत तर नजर चुकते, भिंत असली की बोटाला कळतं. टेप फूटखालच्या, कापड ओढणाऱ्या दात्यांवर येऊ देऊ नका आणि बॉबिनचं झाकण उघडायला अडणार नाही असं बघा.

काळ्या मशीनच्या पाटावर सुईच्या उजवीकडे स्क्रूची भोकं असतात ना, ती गाईड, म्हणजे कापडाची कड टेकवायची धातूची पट्टी, बसवण्यासाठीच आहेत. शिलाईचं सामान मिळणाऱ्या दुकानात गाईड मागा. ठाण्यात जांभळी नाक्याला बाजारात गेलात की बॉबिन आणि सुयांबरोबर विचारून बघा. नाही मिळालं तर टेप आहेच, मला तरी टेपच बरी वाटते.

खूण केल्यावर लगेच क्विल्टचं कापड घेऊ नका. कुठल्याही सुती चिंधीच्या दीड इंच रुंद आणि चारेक इंच लांब अशा तीन पट्ट्या कापा, शिवा, इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर एक इंच यायला हवी आणि एकूण रुंदी साडेतीन. मधली पाऊण इंच आली तर माया अजून एक सूत जास्त जातेय. इंचापेक्षा थोडी जास्त आली तर टेप एक-दोन धागे बाहेर सरकवा. ही चाचणी प्रत्येक नव्या कामाआधी करायची, आणि सुई बदलली किंवा फूट काढून पुन्हा लावला तरी करायची. दहा मिनिटं जातात. उसवण्यात जाणाऱ्या दुपारपेक्षा बरी.

खूण बरोबर आहे आणि तरी माया कमी-जास्त होतेय, अशा वेळी तुमची नजर कुठे आहे ते बघा. नवशिक्यांची नजर सुईवर खिळलेली असते. सुई वरखाली होणारच, तिच्याकडे बघून काही मिळत नाही. नजर टेपवर हवी, सुईच्या दोन बोटं अलीकडे, जिथे कापड टेपला टेकतंय तिथे.

जोडपट्टी वाकडी होत असेल तर

मापं सगळी बरोबर, पण तीन पट्ट्यांची लांब जोडपट्टी जमिनीवर पसरली की केळ्यासारखी वाकते. यामागे दोन कारणं असतात, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतात.

पहिलं मशीनचं. खालचे दाते खालच्या पट्टीला पुढे ओढतात आणि प्रेसर फूट वरच्या पट्टीला दाबून मागे रोखतो. दर टाक्याला फरक नगण्य, पण बेचाळीस इंच लांबीवर तो साचतो. शेवटाला येता तेव्हा वरची पट्टी तुमच्या बाजूला खालच्यापेक्षा थोडी जास्त उरलेली असते. अनेकजणी ती जुळावी म्हणून खालची पट्टी ओढून धरतात, आणि वाक आणखी पक्का होतो. दुसरी शिवणही त्याच टोकाकडून सुरू केली की दोन्ही शिवणींचा ताण एकाच दिशेने जातो आणि पट्टी वळते.

उपाय सोपा आहे. पहिली शिवण ज्या टोकाकडून सुरू केली, दुसरी त्याच्या उलट टोकाकडून सुरू करा. पहिली शिवण संपली की जिथे संपली तिथे खडूने बाण काढून ठेवा, पुढची तिथून. एक शिवण वाकवायला बघते, दुसरी ते सरळ करते. पाच पट्ट्यांचा ब्लॉक असेल तर आधी जोड्या शिवा, मग जोड्या एकमेकींना, आणि प्रत्येक वेळी दिशा बदला.

सुरुवातीला लांब पट्टी घेऊच नका. बेचाळीस इंचांची पट्टी मधून अर्धी करा. एकवीस इंचांच्या जोडपट्टीतून साडेसहा इंचांचे तीन ब्लॉक निघतात आणि ताण साचायला तेवढी लांबी मिळत नाही. दोन्ही टोकांना आणि मध्ये एकेक टाचणी लावा. मागून कापड ओढू नका, पुढून ढकलू नका, मशीनला तिच्या चालीने चालू द्या. पायाने चालवायच्या मशीनवर हे जास्त नीट जमतं असं माझं मत आहे, मोटरवर बसलं की पाय आवरत नाही.

एवढं करूनही वरची पट्टी जास्त उरत असेल तर फूटचा दाब जास्त आहे. काळ्या मशीनवर फूटच्या दांड्याच्या वर, डोक्यावर एक गोल स्क्रू असतो. तो थोडासा सैल करा. थोडासाच, अर्धा फेरा, मग चिंधीवर शिवून बघा. फार सैल झाला तर कापड भरकटतं आणि टाके लहान-मोठे पडतात.

दुसरं कारण इस्त्री. आपण शर्ट-साडीला जशी इस्त्री घासून फिरवतो, तशीच शिवणीवर फिरवली की सुती कापड ओलाव्याने आणि उष्णतेने ताणलं जातं. पट्टी आडव्या धाग्यावर कापलेली असेल तर आणखीच. शिवणीवर इस्त्री ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. आधी शिवण बंद असतानाच, जशी शिवली तशी, एकदा दाबून घ्या, टाके कापडात बसतात. मग गडद रंगाची पट्टी वर येईल अशी ठेवून ती उलगडा, आणि बोटाने शिवण मोकळी करत सुलट्या बाजूने इस्त्री टेका. माया गडद पट्टीखाली जाते आणि फिक्या रंगातून दिसत नाही. वाफेची इस्त्री असेल तर वाफ शेवटी, कापड सपाट झाल्यावर. जाड घोंगडीवर किंवा गादीवर हे करू नका, शिवणीजवळ खोलगट होतं. टेबलावर चादरीची एक-दोन पदरी घडी पुरे.

कापण्यातले दोष

इथे एकच दोष वारंवार दिसतो. कापड घडी घालून पट्टी कापली, उघडली, आणि ती घडीपाशी कोपरासारखी वाकलेली निघाली. तुमची फूटपट्टी घडीच्या कडेशी काटकोनात नव्हती. चौपदरी घडी घातली असेल तर असे तीन कोपरे दिसतात. दर दोन-तीन पट्ट्यांनी गुण्या लावून कड पुन्हा सरळ करून घ्यायची. शाळेच्या कंपासमधला गुण्या छोटा पडतो. मोठा प्लास्टिकचा गुण्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.

दुकानदार कापड फाडून देतात तसं घरी फाडून सरळ कड मिळवता येते का? मिळते. पॉपलिन किंवा कॅम्ब्रिक धाग्यावर सरळ फाटतं. पण फाडलेल्या कडेचे एक-दोन सूत ताणून लाटांसारखे होतात. तेवढं छाटून मग मोजायला सुरुवात करायची. आणि प्रिंटच्या रेघेवर जाऊ नका. छापताना कापड तिरकं धरलं गेलं असेल तर छापील रेघ एकीकडे जाते आणि धागा दुसरीकडे. रेघेवर कापलीत तर पट्टी थोडी उरेब (धाग्याला तिरकी) होते, आणि उरेब कापलेली कड इस्त्रीखाली लांबत जाते.

जोडपट्टीचे ब्लॉक कापतानाही फूटपट्टीची आडवी रेघ कडेवर टेकवू नका. ती दोनपैकी एका शिवणीवर टेकवा. कापडाची कड दोऱ्यांनी भरलेली असते, शिवण मात्र सरळ असते.

४५ मिलिमीटरचा रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा) आणि त्याखाली ठेवायची मॅट असेल तर काम सोपं. नसेल तरी अडत नाही. धारदार कात्री, टोक काढलेली पेन्सिल आणि स्टीलची पट्टी यावर पट्ट्या नीट निघतात. शिंप्याचा जाड खडू मात्र नको, त्याची रेघच अर्धं सूत असते.

कापडाचं काय

ओटीत आलेल्या ब्लाउजपीसचा ढीग प्रत्येक घरात असतो, आणि पहिल्या क्विल्टला तोच बाहेर निघतो. हरकत नाही, पण निवडून घ्या. टू बाय टू, पॉपलिन आणि टेरिकॉट एकाच ब्लॉकमध्ये आलं की तिघं तीन तऱ्हेने ताणतात आणि वरचे सगळे उपाय निम्मेच चालतात. पहिल्यांदा तरी तिन्ही पट्ट्या एका जातीच्या सुती कापडाच्या ठेवा. टेरिकॉटची परीक्षा सोपी आहे, मुठीत चुरगळून सोडा. सुरकुती राहिली तर सुती.

विकत घेणार असाल तर दुकानात आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा, मग किती घ्यायचं ते ठरवा. छोट्या बाळाच्या ३६ बाय ३६ इंचांच्या क्विल्टला सहा बाय सहा, म्हणजे ३६ ब्लॉक लागतात. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून काठ सोडून साधारण ४२ इंच हाती येतात, त्यात एका जोडपट्टीतून सहा ब्लॉक. सहा जोडपट्ट्या, म्हणजे प्रत्येक रंगाच्या सहा पट्ट्या, पंधरा इंच कापड. अर्धा मीटर पुरतं. तेच ३६ इंच पन्ह्याचं कापड घेतलंत तर एका जोडपट्टीतून पाचच ब्लॉक निघतात. सात जोडपट्ट्यांचे पस्तीस, म्हणजे एक कमी. आठवी करावीच लागते, आणि आठ पट्ट्यांना वीस इंच कापड लागतं. अर्धा मीटर म्हणजे १९.७ इंच! अगदी थोडक्यात मुकतं, आणि धुतल्यावर आटेल ते वेगळंच. पाऊण मीटर घ्या.

कापण्याआधी धुवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि प्रत्येक रंगाचं सारखंच आटेल असं नाही. लाल, मरून, गडद निळा यांची परीक्षा वेगळी करा: ओल्या कापडावर पांढरा रुमाल ठेवून गरम इस्त्री टेका. रुमालाला रंग लागला तर ते कापड पुन्हा धुवा. तरीही रंग येत असेल तर ते या क्विल्टमध्ये नको.

ठाण्या-नवी मुंबईतल्या पावसाळ्याचा एक स्वतंत्र त्रास आहे. जून ते सप्टेंबर कापड पूर्ण वाळतच नाही. हाताला कोरडं लागतं, पण दमट असतं. तशा कापडाच्या पट्ट्या कापल्या आणि मग इस्त्री केली की त्या अर्धा-एक सूत आखडतात. ज्यांचे ब्लॉक मे महिन्यात बरोबर येत होते आणि जुलैत छोटे यायला लागले, त्यांनी मशीनला दोष देण्याआधी हे तपासावं. कापण्याच्या दिवशीच कापडाला हलकी खळ द्या, खडखडीत होईपर्यंत इस्त्री करा आणि लगेच कापा. खळीने पातळ कापडालाही अंग येतं आणि ते मशीनखाली सरकत नाही. मशीनचं म्हणाल तर पावसात रोज काम नसलं तरी आठवड्यातून एकदा तेलाचा थेंब सोडून चिंधीवर चालवून घ्या.

किरकोळ

पट्टीच्या सुरुवातीलाच कापड दात्यांत अडकून गुंता होत असेल तर आधी एका चिंधीवर चार टाके घाला आणि न थांबता पट्टी तिच्यामागे घाला. वरचा आणि बॉबिनचा दोरा दोन्ही मागे धरून ठेवायचे.

सुई १४ नंबरची, पातळ कॅम्ब्रिकला ११. बोथट सुई कापड खाली ढकलते आणि तिथे शिवण चुणते. टाका दोन ते अडीच मिलिमीटरचा. फार मोठा घेतलात तर ब्लॉक कापल्यावर टोकाची शिवण सुटायला लागते, कारण इथे आपण टोकाला उलट टाके घालत नाही. दोरा जाड नको, भरतकामाचा तर नकोच.

झालेल्या ब्लॉकचं काय करायचं

आता ढिगाचा प्रश्न. लेक झोपल्यावर बसून वीस-पंचवीस ब्लॉक शिवून झालेत आणि ते सहा इंच रुंद, साडेसहा लांब आहेत. सगळे उसवायची गरज नाही.

आधी मोजून गठ्ठे करा: सहाचे, सहा-एक सूतचे, सव्वासहाचे. बहुतेक सहाचे असतील तर तेच तुमचं माप. जी जोडपट्टी सहा इंच भरतेय ती साडेसहावर न कापता सहावरच कापायची, आणि जे ब्लॉक साडेसहा लांब कापून झालेत त्यांच्या दोन्ही टोकांचे दोन-दोन सूत काढायचे. छाटायचं ते पट्ट्यांच्या टोकांना, पट्ट्यांच्या रुंदीला कात्री लावायची नाही. रुंदी छाटली की कडेची पट्टी बारीक होते आणि शेजारच्या ब्लॉकपाशी ते लगेच नजरेत भरतं. सहाचे ब्लॉक जोडल्यावर साडेपाच इंच दिसतील आणि ३६ ब्लॉकचं क्विल्ट ३३ इंच होईल. भोवती दोन इंच रुंद पट्टीची किनार लावलीत की पुन्हा ३६.

सहाला एक सूत जास्त असलेला ब्लॉक छाटू नका. जोडताना मोठा ब्लॉक खाली ठेवा, दात्यांच्या बाजूला. दाते खालचं कापड थोडं सामावून घेतात आणि तो फरक शिवणीत जिरतो. दोन सुतांच्या पुढे मात्र हा उपाय चालत नाही, चुण्या पडतात.

जे फारच छोटे आहेत ते उसवा. टाके ओढून काढू नका, पट्टी ताणली जाते. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका सीम रिपरने (उसवायच्या छोट्या टोकदार हत्याराने) कापा आणि उलट बाजूचा दोरा ओढा, अख्खा सुटून येतो. वाकलेल्या जोडपट्टीचं तसंच: दोन्ही शिवणी उसवायची गरज नाही, एकच उसवा आणि उलट टोकाकडून पुन्हा शिवा. मध्ये पट्टीला पाण्याचा शिपका देऊन, इस्त्री करून, ती अजून अडीच इंच आहे का ते मात्र मोजून घ्या. उसवताना एखादी ताणली गेली असेल तर ती बाजूला काढा आणि त्या रंगाची नवी कापा.